काचेची तार आणि येळवस

“तांबं न्हाई यात, ताई. नुसती काच हाय. जावा तुमी घरला.”

हे त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. त्यातलं ‘ताई’ मी पुढं कितीतरी दिवस त्याला माफ केलं नाही.

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती, आणि परतीचा पाऊस परतायचं नाव घेत नव्हता. अंबाजोगाईहून निघालेली आमची एसटी घाटनांदूरच्या अलीकडं पंक्चर झाली. म्हटलं, बसून काय करायचं, गाव काही लांब नाही... निघाले चालत. तर रस्त्याच्या कडेला हा खड्डा. खड्ड्यात टेलिफोन खात्याचा इंजिनियर खोक्यावर बसलेला, मांडीवर कसलंसं मशीन, आणि छत्रीचा दांडा मान अन् खांद्याच्या मधे दाबून चाललेली कसरत. समोर काळ्या केबलची दोन तुटकी टोकं आ वासून पडली होती.

बघता क्षणी कळलं. कुणीतरी तांब्याच्या आशेनं केबल उकरून तोडली होती. आमच्याकडं त्या वर्षी हा नवाच उद्योग निघाला होता. खात्यानं रस्तोरस्ती काचेच्या तारा पुरल्या, आणि लोकांना वाटलं, सरकार एवढं खोल पुरतंय म्हणजे आत काहीतरी मोलाचं असणारच.

“बोर्ड लावायचा की मग,” मी म्हटलं. “यात तांबं नाही म्हणून.”

“लावलता.”

“मग?”

“त्योच गेला चोरीला. पत्र्याचा होता.”

मी एवढ्यांदा हसले की त्यानं मान वर केली, आणि छत्री घसरून चिखलात पडली. भिजलेल्या भुवया, कपाळावर पुसट झालेली विभूती, आणि डोळे असे की आत्ता चिडावं का हसावं ते त्यांचं ठरत नव्हतं. मग तोही हसला. बाई गं... हसायला नको होतं त्यानं.

“मला तांबं नकोच आहे,” मी म्हणाले. “काचच पाहिजे. हे उरलेले तुकडे तुम्ही टाकून देता ना?”

“गणपतीच्या मखराला मागत होते लोक. पण दिवाळीबी झाली की आता.”

“मखराला नाही. संशोधनाला.”

“कसल्या?”

“सांगितलं तर कळेल?”

“सांगून तर बघा.”

“आधी छत्री द्या इकडं. तार भिजतेय तुमची.”

मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून छत्री धरली. तारेवर, त्याच्यावर नाही. तो केसाएवढ्या तारेवरचं आवरण सोलायचा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा, टोक सरळ कापायचा, आणि दोन टोकं मशीनमधे समोरासमोर ठेवायचा. चट् करून ठिणगी उडायची आणि मशीनच्या इवल्या पडद्यावर दोन तारांची एक तार झालेली दिसायची. बोटं जाड होती त्याची, पण काम लई हळुवार. पाऊस त्याच्या मानेवरून कॉलरमधे उतरत होता.

“मी भिजतोय हो.”

“भिजा की. माणूस वाळतो. सांध्यात थेंब गेला तर आख्ख्या घाटनांदूरचे फोन बंद.”

“हे तुमाला कसं ठावं?”

“मी पुण्याला पीएचडी करते. असलीच तार तापवून ओढायची आणि तिला टोक काढायचं. या तारेच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढं.”

त्याचा हात थांबला. “हजाराव्या? कावून? शिवायचं काय असतंय त्यानं?”

“शिवायचं नाही. बघायचं. एकेक रेणू, सुटा सुटा.”

आता खरं सांगते, माझं काम सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारायचे, पगार किती आणि लग्न कधी. यानं दोन्ही विचारलं नाही. “उजेडानं बघता?” एवढंच विचारलं, आणि मला वाटलं, हा खड्डा अजून जरा खोल असता तर बरं झालं असतं, काम लांबलं असतं.

“नाव काय म्हणालात?”

“म्हणाले नाही अजून. वर्षाराणी.”

“हां... तरीच पाऊस हटंना.” तो मशीनकडं बघतच म्हणाला. “मी सोमलिंग. नेकनूरचा. अंबाजोगाईच्या एक्स्चेंजला असतो. लांब लांब तुकडे निवडून ठेवतो. या घ्यायला.”

“येईन. पण परत ताई म्हणायचं नाही.”

“न्हाई म्हणणार,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

गेले की मी! दुसऱ्या दिवशी नाही, तेवढी अक्कल होती. तिसऱ्या दिवशी. पुण्याला आमची तार परदेशातून यायची आणि टोक काढताना एक जरी नासली तरी सरांचं तोंड वाकडं व्हायचं. हात बसवायला ही फुकटची तार म्हणजे लॉटरीच होती. म्हणून गेले, असं मी घरी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त अंबाजोगाईला जाताना मी मोरपंखी ड्रेस कावून घातला, ते कुणी विचारलं नाही.

त्यानं बिस्किटाच्या डब्यात तारेची नीट वेटोळी करून ठेवली होती. मी पर्समधून एक छापील चित्र काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. काळं चित्र, त्यावर लहान लहान उजळ ठिपके.

“हा एकेक ठिपका म्हणजे एक रेणू,” मी म्हणाले. “मी काढलंय. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा मीच काढलं.”

“कसं काय दिसतंय पण? उजेडाला एवढं बारीक दिसत न्हाई, असं आमाला शिकवलंय.”

“लांबून दिसत नाही. तारेच्या टोकाचं छिद्र इतकं बारीक करायचं की उजेडाला बाहेरच पडता येऊ नये. तो तिथंच तोंडाशी घोटाळतो. बघायचं असेल तर तेवढं जवळ जावं लागतं. अगदी टेकल्यासारखं... पण टेकायचं नाही. टेकलं की टोक मोडतं.”

“अन् हा ठिपका एकाच रेणूचा कशावरून? दोन-चार मिळून असतील की.”

मला तो प्रश्न एवढा आवडला की मी खुर्ची पुढं ओढली. “एकटा असला की एकदम विझतो. खट्कन. चार असले तर टप्प्याटप्प्यानं मंद होत जातात.”

“अस्सं.” त्यानं चित्र हातात घेतलं, कडेनं धरून, ठसे पडू नयेत म्हणून. “अन् आता काय काढणार?”

“आता अवघड आहे. टोकावर हिरवे रेणू चिकटवायचे, काचेवर लाल. लेझर असा लावायचा की तो फक्त हिरव्यालाच पेटवेल. लाल अंधारातच. पण हिरवा त्याच्या अगदी जवळ नेला, की हिरवा आपली ऊर्जा त्याला देऊन टाकतो. स्वतः मंद होतो, आणि लाल उजळतो.”

“हात न लावता?”

“हात न लावता.”

“मग उजेड जातो मधून?”

“उजेडसुद्धा जात नाही. मधे काहीच दिसत नाही. नुसतं जवळ असावं लागतं.”

त्यानं चित्र टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाला, “आपल्यात किती अंतर असंल आत्ता?”

“टेबल आहे मधे, साहेब,” मी म्हटलं. “लाकडी.”

आणि दोघंही असे हसलो की शेजारच्या खोलीतली ऑपरेटर बाई डोकावून गेली.

आमचे अप्पा, राजेश्वरअप्पा, घाटनांदूरला किराणा-भुसारचं दुकान चालवायचे. माझं शिक्षण ते गिऱ्हाइकाला असं सांगायचे, “आमची राणी एवढी बारीक वस्तू बघती की ती कुणालाच दिसत न्हाई.” गिऱ्हाईक म्हणायचं, “मग बघून फायदा काय, अप्पा?” अप्पा म्हणायचे, “तिला दिसती की!” आणि साखर बांधायला घ्यायचे. गिऱ्हाईक कोण का असेना, त्यांच्या दुकानात ते कधी उभं राहिलं नाही. आधी बसा, पाणी घ्या, मग माल.

त्याच अप्पांना मी लातूरला एका ओट्यावर आख्खी दुपार बसलेलं बघितलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, महानंदा अक्काचं स्थळ घेऊन गेलो होतो. आमच्यात रीतच ती. मुलीकडच्यांनी जायचं, मुलाकडच्यांनी बसायचं. मुलाचे वडील झोपलेत म्हणाले. आत रेडिओ चालू, हसणं-खिदळणं चालू, आणि माझे अप्पा मांडीवर टोपी ठेवून बाहेर ताटकळत. मी शाळेत होते तेव्हा. उठताना अप्पा माझ्याकडं बघून हसले, आणि ते हसू बघूनच मी ठरवलं, माझ्यासाठी हा माणूस कुणाच्या ओट्यावर बसणार नाही. लग्न झालं नाही तरी चालेल.

आता कळलं ना, कपिलधारला काय झालं असेल?

कार्तिकी पुनवेला आम्ही सगळे मन्मथस्वामींच्या दर्शनाला कपिलधारला गेलो. नेकनूर तिथून जवळ, त्यामुळं सोमलिंग येणार हे मला माहीत होतं, आणि मी येणार हे त्याला. दर्शनाच्या रांगेतली हिरव्या लुगड्यातली उंच बाई त्यानं लांबूनच दाखवली. “आमची आई. मंजुळाबाई. दिसायला कडक हाय.”

“आणि असायला?”

“असायलाबी.”

धबधब्याचे तुषार अंगावर येत होते. गर्दीत आम्ही जवळ उभे होतो, अंगाला अंग लागत नव्हतं, पण त्याच्या ओल्या शर्टाचा वास येत होता. तो म्हणाला, “एक बोलू का?”

“इतका वेळ काय करत होता?”

“न्हाई, म्हंजे... अप्पांना एकदा नेकनूरला पाठवा की. आमच्या घरी. पत्रिका घेऊन. मी आईला सांगून ठेवतो, नीट बोलंल ती.”

मी हसायला लागले, आणि ‘अप्पांना पाठवा’ हे डोक्यात शिरताच थांबले.

“अप्पांना कशाला पाठवू?”

“कशाला म्हंजे? रीतीनं. तुमच्याकडून विचारणा आली की मी हो म्हणतो की!” आणि काय खुशीत सांगत होता! जणू मला बक्षीसच देतोय.

मी त्याला लातूरचा ओटा सांगितला. सगळं सांगितलं. “माझे अप्पा कुणाच्या दारात जाणार नाहीत,” मी म्हणाले. “तुमच्याही नाही. मी हवी असेन तर तुम्ही या. आईला घेऊन.”

त्यानं कपाळावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, “पोराकडचे मागायला गेले की लोक काय म्हणतेत ठावं हाय का? पोरात खोट हाय म्हणतेत.”

“आहे का?”

“न्हाई!”

“मग भिता कशाला?”

“मी भेत न्हाई.” आता त्याचाही आवाज चढला. “पण तिनं एकटीनं वाढवलंय मला. तिची मान मी खाली घालू?”

“आणि माझ्या अप्पांची घालू?”

धबधबा कोसळत होता, माणसं जयजयकार करत होती, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं असे बघत होतो की कुणाचीच मान खाली जाईना. शेवटी मीच वळले. रडले नाही. त्याच्या समोर तर मुळीच नाही.

मला सोमलिंग हवा होता, हे मी स्वतःपासून कधी लपवलं नाही. पुण्याला परत गेल्यावर तर जास्तच हवा होता. त्याच्याच डब्यातली तार घेऊन रोज टोकं काढायची मी. मोडायची, परत काढायची. हात असा बसला की शेवटी सर म्हणाले, आता खऱ्या तारेवर कर. केलं. हिरवे रेणू टोकावर, लाल काचेवर, आणि टोक हळूहळू खाली... आणखी खाली... टेकू न देता. आधी कितीदा तरी टेकून मोडलं होतं. त्या दिवशी नाही मोडलं. काळ्या पडद्यावर एक लाल ठिपका उजळला. एकच. जरा वेळ टिकला आणि खट्कन विझला.

सर खुर्चीतून उठले. सगळे गोळा झाले. “आपल्याकडं हे अजून कुणाला जमलं नव्हतं,” सर म्हणाले. घाटनांदूरच्या भुसार दुकानातल्या पोरीनं केलं ते! हे पहिल्यांदा कुणाला सांगावं? पाय आपोआप एसटीडी बूथकडं वळले. अप्पांच्या दुकानात फोन होता. पण मी फिरवला तो अंबाजोगाई एक्स्चेंजचा नंबर.

“हॅलो.”

“लागला,” मी म्हणाले.

पलीकडं खुर्ची सरकली. मग एकदम, “लाल?”

“लाल!”

“आरं लागला बे, लागला!” तो पलीकडच्या कुणालातरी ओरडून सांगत होता, त्या बिचाऱ्याला काय कळलं असेल देव जाणे. मग आवाज खाली आला. “एकच होता?”

“एकच. मग एकदम विझला.”

“म्हंजे खरंच एक होता.”

लक्षात होतं त्याच्या! मला म्हणायचं होतं, या ना हो, घेऊन या आईला... पण नाही म्हटलं. त्यानं नुसतं विचारलं, “येळवशीला गावी येताय?”

“येतेय.”

“आमच्या नेकनूरला येळवस करत न्हाईत. त्या दिवशी कुणीबी कुणाच्याबी शेतात जेवाय जातंय म्हणतेत. खरं का?”

“खरंय. वाटेनं जाणाऱ्यालाही हाका मारून बोलावतात.”

“बरं,” म्हणाला आणि ठेवला की फोन!

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, आमचं गाव ओस पडतं. सगळे रानात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली गार आंबील. ज्वारी तेव्हा डोक्याएवढी असते. आईनं पंगत मांडायला घेतली, एवढ्यात बांधावर फटफटी थांबली. सोमलिंग. पांढराशुभ्र शर्ट, आणि मागच्या सीटवरून उतरणारी मंजुळाबाई.

“शरणार्थ,” ती हात जोडून म्हणाली. “इकडून चाललो होतो. म्हटलं, येळवस कशी असती बघावं.”

नेकनूरहून घाटनांदूरच्या शेतातून कुणी ‘इकडून चाललो होतो’ म्हणून जात नसतं. शेजारच्या रानातल्या बाया कान टवकारून उभ्या राहिल्या. अप्पांनी मात्र ओळख ना पाळख, आधी घोंगडी झटकून अंथरली. “या, या, बसा. आधी जेवा.”

आंबीलीचा पेला द्यायच्या निमित्तानं मी सोमलिंगाला गाठलं. “हुशार आहात. शेताला दार नसतं, म्हणजे कोण कुणाच्या दारात आलं, असं कुणी म्हणायला नको. पण ही पळवाट झाली.”

“आईला इथवर आणायला दुसरी वाट नव्हती,” तो हळू म्हणाला. “रोज बोललो तिच्याशी. बघू म्हणाली, पोरगी बघू. पुढचं तिच्या हातात हाय, राणी.”

राणी! मी पेला त्याच्या हातात दिला आणि तशीच मागं फिरले, नाहीतर तिथंच विरघळले असते.

मंजुळाबाई जेवता जेवता मला न्याहाळत होती. “तू काय बघतीस गं, कुणाला न दिसणारं?”

“ज्वारीची रास सगळेच बघतात, मावशी. मी एक दाणा बघते. तो काय करतो ते राशीत कळत नाही.”

“अन् सैपाक?”

“येतो. पण तुमच्या मुलालाही आला पाहिजे. मी दिवसभर कामावर असणार.”

आईनं कपाळाला हात लावला. मंजुळाबाईनं घास थांबवला. “त्याला पिठलंसुदिक जमत न्हाई,” ती म्हणाली, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा मला वाटला.

एवढ्यात अप्पा उठले. त्यांना सगळं कळलं होतं, दुकानदार माणूस तो. टोपी नीट केली, हात जोडले. “तुमी आलात, लई बरं वाटलं. मी येतो की नेकनूरला, रीतीनं. पत्रिका घेऊन येतो.”

तेच हसू. लातूरचं.

मी ताडकन उभी राहिले. आता सगळं मोडणार होतं आणि मीच मोडणार होते, सोमलिंगाच्या देखत. त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला, तरी त्यानं मला अडवलं नाही. तोंड उघडलं मी, पण मंजुळाबाईचा आवाज आधी आला.

“बसा, राजेश्वरअप्पा.”

अप्पा बसले.

“माझा बा केजला एका दारात उभा राहिलता, माझ्यासाठी. उन्हात. पाणीसुदिक विचारलं न्हाई त्याला कुणी. घरी आला अन् मला म्हणाला, लई चांगली माणसं हायत गं. मला ठावं होतं, खोटं बोलतोय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पोराची माय झाले अन् सगळं इसरले बगा. ह्यानं तुमच्या लेकीचं म्हणणं सांगितलं, तवा लई राग आला मला. राग यायचं कारण एकच, पोरगी खरं बोलत होती.”

मग ती उठली. पदर डोक्यावर घेतला आणि शेजारच्या दोन रानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी नेकनूरची मंजुळाबाई. माझ्या सोमलिंगासाठी तुमची पोरगी मागायला आलेय. इकडून चाललो नव्हतो, मुद्दाम आलोय. पोरात खोट न्हाई. कुणाला बघायची असंल तर हा समोर बसलाय, बघून घ्या!”

पलीकडच्या बाया फिसकन हसल्या. सोमलिंगाचे कान रक्तासारखे लाल.

अप्पांनी आंबीलीचा एक घोट घेतला. खाकरले. आणि एकदम गंभीर तोंड करून म्हणाले, “इचार करून कळवतो.”

आईच्या हातातली पळी पडली. “अवो!”

तेव्हा अप्पा हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. “बोलून बघितलं गं एकदा. पोरीच्या बापाला ह्यो शब्द कवा मिळतोय बोलायला?” मग मंजुळाबाईपुढं हात जोडायला गेले, तर तिनं ते धरून खाली केले. अप्पा माझ्याकडं वळले. “पण खरंच, पोरीला इचारावं लागंल. काय गं राणी?”

सगळं रान माझ्याकडं बघत होतं. अशा वेळी खाली बघायचं असतं, पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची असते. मी नाही बघितलं खाली.

“मला हेच पाहिजेत, अप्पा,” मी म्हणाले, मंजुळाबाईएवढ्याच मोठ्या आवाजात. “दुसरं कुणी नको.”

सोमलिंगाच्या हातातला पेला पार आडवा झाला. सगळी आंबील त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर सांडली, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.